जुना माठ, रंगाची बादली आणि गांडुळं: घरच्या घरी खत कसं तयार होतं

केळीची साल डब्यात टाकली की गांडूळ ती कुरतडून खातं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात गांडुळाला दातही नसतात आणि जबडाही नसतो. ताजी साल त्याला फोडता येत नाही. आधी सालीवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांच्यामुळे साल मऊ पडते, तिचा लगदा होतो, आणि मग तो लगदा त्यातल्या जिवाणूंसकट गांडूळ गिळतं. त्याच्या आतड्याच्या अलीकडे जाड स्नायूंची एक पिशवी असते. लगद्याबरोबर गिळलेले मातीचे बारीक कण तिथे लगदा भरडून काढतात. पुढे आतड्यात तो पचतो, आणि मागून ज्या बारीक काळ्या गोळ्या बाहेर पडतात, ते गांडूळखत.

म्हणजे खताचा डबा भरतो तेव्हा आपण गांडुळांबरोबर जिवाणूही पाळत असतो, आणि आधीचं काम जिवाणूंचं असतं. दोघांनाही हवा हवी आणि ओलावा हवा. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओलसर कातडीतून श्वास घेतं. कातडी सुकली की ते गुदमरतं, आणि साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपला तरी गुदमरतं. जिवाणूंचंही थोडंफार असंच आहे. हवा असेल तोवर कचरा कुजताना फारसा वास येत नाही. हवा बंद झाली की हवेशिवाय जगणारे वेगळे जिवाणू वाढतात, आंबूस आणि सडका वास सुटतो, आम्ल तयार होतं आणि गांडुळं पळायला लागतात.

कोणत्या जुन्या वस्तूत खत करता येईल, कचरा किती घालायचा, वास का येतो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथूनच निघतात. म्हणून कुणी विचारलं तर मी डब्यापासून सांगायला सुरुवात करत नाही, सालीपासून करते.

पुण्यात हे समजून घ्यायला आणखी एक कारण आहे. वर्षानुवर्षं या शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जाऊन पडला. ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. मग त्यातून मिथेन निघतो आणि काळं पाणी जमिनीत झिरपतं. दुर्गंधीविरुद्ध, विहिरींच्या पाण्यासाठी तिथल्या गावकऱ्यांनी वारंवार आंदोलनं केली. 2017 च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागल्यावर त्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कचरा साचून राहिला. आपल्या ओट्यावरची भेंडीची देठं दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीपर्यंत पोचतात, हे मला फार लागलेलं आहे. जी साल हवेत कुजून खत होऊ शकते, तीच हवा मिळाली नाही म्हणून विष होते.

कोणतं गांडूळ?

शाळेच्या पुस्तकात शेतकऱ्याचा मित्र म्हणून भेटलेलं गांडूळ डब्यात टिकत नाही. पावसाळ्यात टेकडीच्या वाटेवर दिसणारी, बागेतल्या वाफ्यात खणताना सापडणारी गांडुळं बहुतेक वेळा माती खाणारी असतात. काही खोल उभी बिळं करून राहतात. त्यांना भाजीच्या सालींनी भरलेला डबा म्हणजे परका मुलूख. उचलून आणली तर ती मरतात किंवा रातोरात निघून जातात.

आपल्याला हवं ते पृष्ठभागावर राहणारं गांडूळ. पालापाचोळा, शेण, कुजका कचरा हेच त्याचं घर आणि हेच अन्न. आपल्याकडे यातली तीन नावं जास्त ऐकू येतात. आयसेनिया फेटिडा लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेलं, बोटभर लांबीचं असतं. ते मूळचं युरोपातलं. थंडी बऱ्यापैकी सोसतं आणि नवख्याच्या चुका पोटात घालतं. युड्रिलस युजेनी हे आफ्रिकेतलं. ते जाड, लांब आणि जांभळट झाक असलेलं असतं. भराभर खातं, पण त्याला थंडी सोसत नाही, आणि पुण्यात हिवाळ्यातल्या काही रात्री 10 अंशांच्या आसपास जातात. तिसरं पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस, हे आपल्याच भागातलं. शेणाच्या जुन्या ढिगाखाली सापडतं. चपळ असतं आणि पावसाची चाहूल लागली की डब्याबाहेर पडायला बघतं. पहिल्यांदाच करत असाल तर आयसेनिया घ्या, असं मी सांगेन.

गांडूळखताचा प्रकल्प चालवणारा शेतकरी किंवा एखादी नर्सरी गांडुळं देते. घेताना ती ज्या शेणाच्या भुशात वाढली आहेत त्यासकट मागा. त्या भुशात गांडुळांच्या अंड्यांचे कोषही येतात आणि सवयीचे जिवाणूही. एका किलोत साधारण हजार ते दोन हजार गांडुळं बसतात. घरासाठी अर्धा किलो पुष्कळ झाली, पाव किलोवरही सुरुवात होते, फक्त संख्या वाढायला वेळ द्यावा लागतो.

“वाढून वाढून घरभर झाली तर?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तसं होत नाही. जागा आणि अन्न पुरेनासं झालं की त्यांची वीण आपोआप मंदावते. उजेड त्यांना सोसत नाही, कोरडी फरशी तर मुळीच नाही. डब्यात सगळं ठीक असेल तर ती बाहेर पडत नाहीत.

घरात काय पडलंय ते बघा

बाजारात तयार किट मिळतात, चांगलीही असतात. पण घरात किंवा माळ्यावर पडलेली एखादी वस्तू तेवढंच काम करते. वस्तू निवडताना चार गोष्टी बघायच्या. तिच्यातून हवा जाईल का, पाणी निथळेल का, आत अंधार राहील का, आणि उन्हाळ्यात ती तापेल का. आणखी एक गोष्ट बरेचजण विसरतात. ही गांडुळं वरच्या वीतभर थरातच वावरतात. त्यामुळे खोल भांड्यापेक्षा पसरट भांडं केव्हाही चांगलं. एक चौरस फूट पृष्ठभागाला साधारण अर्धा किलो गांडुळं हा अंदाज धरा.

या हिशेबाने बघितलं तर मंडईत किंवा मार्केट यार्डात भाज्या-फळांसाठी वापरतात तो प्लास्टिकचा क्रेट उत्तम. कान तुटलेला, कडा फुटलेला असला तरी चालतो. चारही बाजूंनी फटी असल्याने हवेची चिंता नाही. आतून गोणपाटाचं अस्तर लावलं की झालं. एकावर एक दोन क्रेट बसतात, आणि खत काढताना त्याचा मोठा फायदा होतो, तो पुढे सांगते.

रंगाची 20 लिटरची बादली जवळपास प्रत्येक घरात असते. ती उभी आणि खोल असते, म्हणून भरून टाकू नका. तीत फूटभरापेक्षा उंच थर झाला की तळाशी हवा पोचत नाही. दोन-तीन बादल्या असतील तर एकीत दुसरी बसवता येते. त्या पूर्ण आत जात नाहीत, मध्ये थोडी जागा उरते आणि तेवढीच आपल्याला हवी असते. बादली भिंतीच्या रंगाची, पाण्यात कालवायच्या रंगाची असावी, आणि घासून धुतलेली. ऑइल पेंट, थिनर, कीटकनाशक, फिनेल यांचे डबे कितीही धुतले तरी वापरू नयेत.

बिघडलेल्या टॉप लोड वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम मला सगळ्यात आवडतो. भोकं आयतीच, गंजत नाही, उंदीर कुरतडू शकत नाही. भंगारवाल्याकडे विचारून ठेवलं तर मिळतो. जुन्या कूलरच्या प्लास्टिकच्या सांगाड्यातही चांगली सोय होते, खाली पाण्याचा ट्रे असतोच. मुलांचा आंघोळीचा टब, फ्रिजमधला भाजीचा ट्रे, जुनी लाकडी फळपेटी, यांपैकी काहीही चालेल.

थर्माकोलची खोकी मात्र मी टाळते. ती आतलं तापमान छान सांभाळतात हे खरं, पण मुंग्या आणि उंदीर ती पोखरतात आणि पांढरे कण खतात मिसळतात. ते कण एकदा कुंडीत गेले की निघत नाहीत. तांब्याची आणि पितळेची भांडी वापरू नका, तांबं गांडुळांना विषारी असतं. पत्र्याचा डबा आपल्या उन्हात तापतो आणि आतला माल शिजतो.

आणि माठ. काठ फुटलेला किंवा गळ्याशी चिरलेला माठ टाकून देऊ नका. त्याच्या भिंतीतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये गांडुळांना याहून चांगलं घर मिळणार नाही. माठ जुना असेल तर त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. बाहेरून काथ्याने खसखसून घासला तर काही मोकळी होतात. तळाशी भोक पाडायचं असेल तर माठ आधी काही तास पाण्यात ठेवा आणि हळू फिरणाऱ्या ड्रिलने, अजिबात दाब न देता पाडा. गळा अरुंद असेल तर हात आत नीट जात नाही, म्हणून गळा फुटलेलाच बरा.

प्लास्टिकच्या भांड्याला तळाशी आणि झाकणाखालच्या भागात चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडा. ड्रिल नसेल तर तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने होतं, पण ते गच्चीवर मोकळ्या हवेत करा, त्या धुराने डोकं दुखतं. तळाच्या भोकांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा पसरायचा. भांडं दोन विटांवर ठेवायचं, खाली जुनी परात किंवा ताट. वरून झाकायला सुती साडीची घडी किंवा गोणपाट. पॉलिएस्टर नको, ते ओलावा धरत नाही आणि त्याचे धागे खतात राहतात. सुती कापड गांडुळं वर्ष-सहा महिन्यांत खाऊन टाकतात, तेव्हा दुसरं घालायचं.

जागा म्हणाल तर बहुतेक फ्लॅटमधली ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीनला खेटून ठेवू नका, तिची थरथर त्यांना त्रास देते.

बिछाना आणि पहिला आठवडा

गांडुळं सोडण्याच्या आठ-दहा दिवस आधी बिछाना तयार करावा. कोरुगेटेड खोकी फाडून त्यांचे तुकडे (चिकटपट्ट्या काढून), अंड्यांचे ट्रे, जुनी वर्तमानपत्रं, नारळाच्या शेंड्या, वाळलेला पाला. मासिकांचा गुळगुळीत चकचकीत कागद घेऊ नका. यात मुठभर बागेची माती घाला, कारण पोटातल्या त्या पिशवीला भरडायला कण लागतात. शेण मिळालं तर फार चांगलं, पण ताजं नको. ताज्या शेणातून अमोनिया सुटतो आणि ते तापतं. शहरात शेण मिळत नसेल तर पूजेच्या दुकानातल्या गोवऱ्या आणा, रात्रभर भिजवा आणि कुस्करून मिसळा.

ओलावा किती? नुकतंच पिळून दोरीवर टाकलेलं कापड हाताला लागतं तितका. मूठभर बिछाना घट्ट दाबला तर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. आठवड्याने हात आत घालून बघा. गरम लागत असेल तर आणखी थांबा.

गांडुळं वरून ठेवा, ती स्वतः खाली जातात. पहिल्या दोन-तीन रात्री वर दिवा चालू ठेवा. नव्या जागेत ती बावरलेली असतात आणि भिंतीवर चढतात, उजेड असला की खाली राहतात. पहिल्या आठवड्यात जेवण अगदी नावापुरतं.

रोजचं जेवण

परिस्थिती चांगली असेल तर गांडुळं दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मं खातात. अर्धा किलो गांडुळांना म्हणजे जास्तीत जास्त पाव किलो कचरा, तोही महिना-दीड महिन्यानंतर. चौघांच्या घरात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा सहज निघतो. म्हणून एका डब्यात सगळं मावेल ही अपेक्षा आधीच सोडा. बरीच घरं इथेच कंटाळतात. दोन दिवसांत डबा भरतो, वास येतो, गांडुळं मरतात, आणि “आपल्याला जमत नाही” असं ठरतं.

यावर एक साधा उपाय आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक वेगळी भोकांची बादली ठेवा. रोजचा कचरा बारीक चिरून तीत टाका आणि प्रत्येक वेळी वर तेवढाच वाळका पाला पसरा. दहा-पंधरा दिवसांत कचरा तापतो, बसतो, मऊ पडतो. ही आधी सांगितलेली जिवाणूंची पाळी. तो थंड झाला की त्यातला थोडा थोडा गांडुळांना द्या. त्यांच्या डब्यात कधीच तापमान चढत नाही, चिलटं कमी होतात आणि खाण्याचा वेगही वाढतो.

वाळक्या पाल्याचं काम फक्त झाकण्याचं नाही. ओल्या सालींत नत्र जास्त असतं आणि वाळक्या पानांत, पुठ्ठ्यात कार्बन. जिवाणूंना एका भाग नत्राला साधारण 25 ते 30 भाग कार्बन लागतो. नत्र जास्त झालं की ते अमोनिया होऊन उडतं, नाकात झोंबतो तो तोच. आकारमानाने जेवढा ओला कचरा तेवढाच किंवा थोडा जास्त पाला घातला की हे प्रमाण बऱ्यापैकी जुळतं, वजनकाटा लागत नाही. जानेवारी ते मार्च पुण्यात रस्तोरस्ती पानगळ असते. सोसायटीच्या आवारात पाला पेटवला जाण्याआधी दोन-तीन पोती भरून ठेवा. पावसाळ्यात कोरडं पान मिळत नाही आणि तेव्हाच त्याची गरज सगळ्यात जास्त असते.

मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, दुधी-काकडीची सालं, केळी, पपई, हिवाळ्यातल्या मटारच्या शेंगा हे सगळं त्यांना आवडतं. आपला चहा साखर-दूध घालून उकळलेला असतो, म्हणून चोथा एकदा पाण्यातून काढा. अंड्यांची टरफलं वाळवून मिक्सरमधून बारीक करून चिमूट-चिमूट घातली तर आम्लता कमी होते. लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या साली अगदी थोड्या. त्यांतलं तेल गांडुळांच्या कातडीला झोंबतं. कांदा-लसणाच्या टरफलांचंही तेच. कलिंगडाची सालं घाला, पण त्यातलं पाणी फार असतं, तेव्हा पुठ्ठा दुप्पट. उरलेला भात, पोळी, आमटी घालू नका. त्यातलं मीठ आणि तेल वाईट, आणि भात आंबून डबा तापवतो. लोणचं, दही, मासे, हाडं अजिबात नाही. देवाच्या हारांतली फुलं चालतात, आधी दोरा आणि जरीची फुलं काढून टाका, कुंकू-गुलाल झटका. आंब्याची कोय तशीच राहते, ती वेगळी वाळवा.

कचरा रोज वेगळ्या कोपऱ्यात, वरच्या थराखाली खोचायचा. आधीचा संपलेला दिसल्याशिवाय नवा नाही. खरं सांगायचं तर उपाशी राहून गांडुळं मेलेली मी बघितली नाहीत, अति घातल्याने मेलेली पुष्कळ घरांत बघितली. गावाला जाणार असाल तर दोन-तीन आठवडे बिछान्यावर ती आरामात काढतात.

उन्हाळा, पावसाळा आणि पाहुणे

गांडुळांना 15 ते 25 अंश सगळ्यात मानवतं, 30 पर्यंत चालतं. 35 च्या पुढे आतलं तापमान गेलं की ती मरू लागतात. पुण्यात उन्हाळ्यात दुपारी पारा 40 च्या घरात जातो, आणि पश्चिमेला तोंड असलेल्या उंच मजल्यावरच्या बाल्कनीत फरशीही तापलेली असते. तिथला डबा मार्चमध्येच आत हलवा. न्हाणीघराचा कोपरा, जिन्याखालची जागा, कुठेही सावली हवी. गोणपाट सकाळ-संध्याकाळ ओला करायचा, पण आत पाणी ओतायचं नाही. पेठांतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंतींआड हा त्रास बराच कमी असतो. फार तापलं तर पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून, कापडात गुंडाळून वर ठेवा. उन्हाळ्यात ताजा कचरा कमी आणि आधीच कुजलेला जास्त द्या.

पावसाळ्यात उलट. झड आत येऊ देऊ नका, परातीत साचलेलं पाणी रोज काढा. वर कोरड्या पाल्याचा जाड थर ठेवा.

डब्यात गांडुळांबरोबर इतरही जीव येतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. चिलटं दिसली म्हणजे अन्न उघडं राहिलंय, पाला वाढवा. लाल मुंग्या आल्या म्हणजे डबा कोरडा पडतोय. ओलावा वाढवा आणि डब्याखालच्या विटा पाणी घातलेल्या पसरट भांड्यांत ठेवा. जाड, करड्या-तपकिरी, खवल्यांसारखं अंग असलेल्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. ती बहुधा काळ्या सैनिक माशीची पिल्लं असतात, कचराच खातात, फक्त गांडुळांचा घास पळवतात. चिमट्याने काढून झाडाखाली टाकली तरी चालेल. गोम मात्र गांडुळं खाते, ती काढायलाच हवी. तळमजल्यावर चिचुंद्रीपासून जपा, झाकण घट्ट बसवा.

आंबूस वास आला तर खाणं थांबवा, हाताने हलकेच वर-खाली करून हवा घाला, पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे मिसळा. तीन-चार दिवसांत फरक पडतो. गांडुळं भिंतीवर घोळक्याने चढली असतील तर आत काहीतरी बिघडलंय हे नक्की. वास, उष्णता, पाणी, याच क्रमाने तपासा.

तळाच्या परातीत जमणाऱ्या तपकिरी पाण्याला बरेचजण व्हर्मीवॉश म्हणून भाज्यांवर फवारतात. ते कचऱ्यातून निथळलेलं पाणी असतं. व्हर्मीवॉश वेगळ्या पद्धतीने, खत आणि गांडुळांच्या थरांतून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून काढतात. निथळलेलं पाणी दहापट पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांच्या मातीत घाला. कोथिंबीर, पालक, कच्चं खायच्या कशावरही नको. आणि असं पाणी रोज वाटीभर येत असेल तर डबा फार ओला आहे.

खत काढणं आणि वापरणं

दोन-अडीच महिन्यांत खालचा थर चहाच्या भुकटीसारखा काळा आणि रवाळ होतो. पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास येतो. आता दोन क्रेट असतील तर खालच्याला खाणं बंद करायचं, वरच्यात ताजा बिछाना आणि कचरा घालून तो खालच्या खतावर टेकवायचा. तळाच्या फटींतून गांडुळं स्वतःहून वर येतात. दोन-तीन आठवड्यांत खालचा क्रेट जवळपास मोकळा होतो. एकच भांडं असेल तर गच्चीवर जुन्या प्लास्टिकवर खताचे छोटे ढीग घाला. उजेडापासून पळून गांडुळं तळाशी जातात. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर काढा, थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. भर उन्हात करू नका, सकाळचा उजेड पुरतो.

चाळताना लिंबाच्या आकाराचे, मोहरीएवढे पिवळट-तपकिरी दाणे दिसतील. ते गांडुळांच्या अंड्यांचे कोष आहेत. अनुकूल तापमानात साधारण तीन आठवड्यांत त्यांतून पिल्लं बाहेर पडतात, आयसेनियाच्या एका कोषातून बहुधा दोन ते चार. ते वेचून परत डब्यात टाका. खत सावलीत वाळवा, पण पूर्ण कोरडं करू नका, त्यातले जिवाणू जिवंत राहायला हवेत.

दहा इंची कुंडीला दीड-दोन महिन्यांनी एक-दोन मुठी पुरेत, वरची माती उकरून मिसळा आणि पाणी द्या. गांडूळखतात नत्र एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असतं, तेव्हा त्याच्याकडून रासायनिक खतासारखा झटका अपेक्षू नका. त्याचा मोठा उपयोग मातीचा पोत सुधारण्यात आहे. गच्चीवरच्या कुंडीत माती घट्ट होत नाही, पाणी धरून ठेवते, आणि मे महिन्यात तुळस संध्याकाळपर्यंत मान टाकत नाही.

बंगला किंवा सोसायटी असेल आणि प्रकल्प खरोखर चालता असेल तर पुणे महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात सवलत देते. गांडूळखत, सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक असेल तर 5 टक्के, दोन असतील तर 10. सध्याच्या अटी आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयात विचारा, पाहणी होते.

सहा-आठ महिन्यांत गांडुळं वाढलेली असतात. जास्तीची गांडुळं वेताळ टेकडीवर, तळजाईच्या जंगलात किंवा नदीकाठी नेऊन सोडू नका. आयसेनिया आणि युड्रिलस दोन्ही बाहेरून आलेली आहेत, आणि टेकडीच्या मातीत तिची स्वतःची गांडुळं आहेत. शेजाऱ्यांना द्या. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडा, गांडुळं नुसती वेचून न देता दोन-तीन ओंजळी ओल्या बिछान्यासकट, कोषांसकट द्या. डबा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, आणि घेणाऱ्याला सांगा की आठवडाभर सालीचा एक तुकडासुद्धा पुरे.